दिवस मोजायला शिकताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

बायबलमधलं स्तोत्र ९० आमच्या चर्चच्या मंडळीत बहुतेकांना निम्मंअर्धं पाठ आहे, आणि त्याचं कारण फारसं आनंदाचं नाही. ते दफनविधीत वाचलं जातं. कबरस्थानात पेटी खाली सोडायच्या आधी पाळकसाहेब एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात छत्री सांभाळत ते वाचतात, आणि आपण पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत ऐकतो. त्यामुळे ‘आमचे दिवस मोजायला आम्हांला शिकव’ ही त्यातली विनंती आपल्या डोक्यात गेलेल्या माणसाला चिकटून बसली आहे. त्याचे तर मोजून झाले. विनंती उभ्या असलेल्यांसाठी आहे.

हा लेख दोन प्रकारच्या माणसांसाठी आहे. एक, जे नुकतेच विश्वासात आले आहेत आणि ज्यांना ‘देवाला वेळ द्या’ एवढंच सांगितलं जातं, कसा ते कुणी सांगत नाही. दुसरे, जे माझ्यासारखे ख्रिस्ती घरातच जन्मले, शब्बाथशाळेत बक्षिसं मिळवली आणि पन्नाशी आल्यावर दचकले. खाली जे लिहितो ते मी आमच्या तरुण संघातल्या पोरांना सांगत असतो. त्यातलं निम्मं मला स्वतःला उशिरा जमलं, काही अजून जमलेलं नाही.

सामान फार लागत नाही. शंभर पानी वही, पेन, बायबल. मोबाईलवरचं ॲप नको. वेळ कुठे जातो ते शोधायला निघायचं आणि वेळ खाणाऱ्यालाच वाटाड्या करायचं, यात अर्थ नाही.

आधी आठवडाभर नुसतं वाचा

स्तोत्र ९० घरी वाचा, सोमवारी सुरू करा, रोज एकदा, मोठ्याने. सतराच ओव्या आहेत, तीन मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी कबरस्थानच आठवेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शब्द सुटे ऐकू यायला लागतात.

इस्राएल लोकांना मिसरातल्या दास्यातून बाहेर आणणाऱ्या मोशेच्या नावावर असलेलं हे एकमेव स्तोत्र आहे. डोंगर व्हायच्या आधीपासून तू आहेस, असं देवाला म्हणून सुरुवात होते. मग हजार वर्षं म्हणजे त्याला कालचा दिवस, रात्रीचा एक प्रहर. माणूस म्हणजे सकाळी उगवून संध्याकाळी वाळणारं गवत. दहाव्या ओवीत आकडा येतो : सत्तर वर्षं, अंगात बळ असलं तर ऐंशी, आणि तीही बहुतेक कष्टाची. बाराव्या ओवीत ती विनंती.

इथे एक गोष्ट पाहा. मोशे ‘मी माझे दिवस मोजीन’ असं म्हणत नाही. ‘शिकव’ म्हणतो. मेंढरं मोजता येतात, पैसे मोजता येतात, दिवस मोजणं माणसाला आपलंआपण येत नाही. म्हणून ही प्रार्थना आहे. वेळेच्या नियोजनावरच्या पुस्तकांची आणि बायबलची वाट इथेच वेगळी होते. ती पुस्तकं धरून चालतात की वेळ तुमचा आहे, फक्त नीट वापरा. स्तोत्र धरून चालतं की तो तुमचा नाहीच, तुमच्याकडे ठेवायला दिलेला आहे.

मग एकदाच, पेन घेऊन, हिशेब करा

सत्तर वर्षं म्हणजे ढोबळमानाने २५,५५० दिवस. हा आकडा मोठा वाटतो, म्हणून त्याचा परिणाम होत नाही. रविवार मोजा. सत्तर वर्षांत सुमारे ३,६४० रविवार. मी चोपन्न वर्षांचा आहे. सत्तरपर्यंतचे माझे उरलेले रविवार ८३२. ऐंशीपर्यंत बळ पुरलं तर १,३५२. तुम्ही तीस वर्षांचे असाल तर सत्तरपर्यंत २,०८० आहेत. अर्थात ही हमी नव्हे; लूकच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायातल्या त्या शेतकऱ्याने कोठारं मोठी करायचा बेत ज्या दिवशी केला, त्याच रात्री त्याला बोलावणं आलं.

आता दुसरं गणित, आणि हे जास्त झोंबतं. तुमची आई गावाकडे असते, वय बहात्तर. तुम्ही पुण्या-मुंबईत. वर्षातून दोनदा जाता, नाताळात आणि मे महिन्यात. ती ऐंशीपर्यंत जगली तर तुमच्या सोळा भेटी उरल्या आहेत. आठ वर्षं नव्हेत, सोळा भेटी. तरुण संघातल्या एका पोराने हे गणित फळ्यावर मांडलं आणि खडू खाली ठेवून बाहेर जाऊन घरी फोन लावला. त्या दिवशी मी पुढचा पाठ घेतला नाही.

हे गणित एकदाच करायचं. रोज केलं तर माणूस भेदरट होतो. वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पान उलटा.

एक आठवडा नोंद, काही न बदलता

पुढचे सात दिवस वहीत तीन रकाने : किती वाजता, काय केलं, कोणासाठी. तिसरा रकाना महत्त्वाचा. ‘कामाचं’ आणि ‘बिनकामाचं’ अशी वाटणी करू नका, कारण बिनकामाचं म्हणून आपण आधी नेमकं मुलांशी खेळणं खोडतो.

माझ्या वहीतली एक जुनी ओळ देतो : ‘रात्री ९.१० ते १०.३५, मोबाईल, —’. तिसरा रकाना रिकामा. कुणासाठी नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही, कारण काय पाहिलं ते दुसऱ्या दिवशी आठवेना. रोज दोन तास असे गेले तर वर्षाचे ७३० तास होतात, म्हणजे रात्रीसकट अख्खा एक महिना. पण रिकामा रकाना दिसला की लगेच पाप केल्यासारखा चेहरा करू नका. झोप, अंगणात बसून घेतलेला चहा, भिंतीकडे बघत काढलेली दहा मिनिटं, यांना कोणासाठी असं काही नसतं आणि ते बरंच आहे. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य दमून आले, जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा येशूने त्यांना एकांतात जाऊन थोडी विश्रांती घ्यायला सांगितलं. भाषण दिलं नाही.

या नोंदीत विवाहित पुरुषांनी आणखी एक शोधावं. तुमचा शांत वेळ कुणाच्या वेळातून आला आहे? मार्था आणि मरीया यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ उपदेश होतात. मार्था कामात, मरीया प्रभूच्या पायाशी, म्हणून मरीया व्हा. उपदेश संपतो, आणि उपदेश करणारे व ऐकणारे पुरुष मंडळीच्या जेवणाला पंगतीत बसतात. आत मटणाच्या पातेल्याशी पाच मार्था घामाघूम झालेल्या असतात. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू मार्थेला स्वयंपाकाबद्दल बोलत नाही, तू पुष्कळ गोष्टींची चिंता करतेस म्हणतो. तिच्या चिंतेतला निम्मा भार कुणीतरी उचलला असता तर तीही बसली असती. माझी सकाळची भक्ती साडेसहाला व्हायची, अगदी नियमित, आणि मला तिचा अभिमान होता. त्या वेळी डबे कोण भरत होतं ते माझ्या वहीत नव्हतं. बायकोच्या वहीत असतं. आता डबे मी भरतो, भक्ती त्याआधी होते, आणि तिला तिची पंधरा मिनिटं मिळतात.

बाजार उठायच्या आधी

इफिसकरांच्या पत्रातलं पाचव्या अध्यायातलं वाक्य आता वाचा. मराठीत ते ‘वेळेचा सदुपयोग करा’ असं येतं, आणि ऐकताना शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटतं. मूळ ग्रीक शब्दात बाजार आहे. बाजारातून मोल देऊन सोडवून आणणं, असा त्याचा अर्थ. गलतीकरांच्या पत्रात ख्रिस्ताने आपल्याला शापातून सोडवलं असं म्हणताना हेच क्रियापद आलं आहे. आणि वेळ म्हणून जो शब्द आहे तो घड्याळातल्या तासांचा नाही, नेमक्या घटकेचा आहे. लिहिणारा याच पत्रात स्वतःला बंदिवान म्हणवतो. ज्याच्या हाताला बेड्या आहेत तो हे सांगतो आहे. त्याला आपल्यासारखी धावपळ करताच येत नव्हती.

आठवडी बाजारात जाणाऱ्याला हे लवकर कळतं. सकाळी मेथीची जी जुडी मिळते ती संध्याकाळी सहाला मिळत नाही, खिशात पैसे तेवढेच असले तरी. म्हणजे जास्त तास मिळवणं हा प्रश्नच नाही. आत्ता कोणती घटका समोर आहे आणि तिच्यासाठी मोल काय द्यावं लागेल, एवढंच पाहायचं.

माझी गेलेली एक घटका सांगतो. आमच्या मंडळीत एक म्हातारे काका होते, पेटी वाजवायचे. आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली कितीतरी गीतं वेगवेगळ्या मंडळ्यांत वेगवेगळ्या चालींवर म्हणतात. एक गीत ते अशा चालीत म्हणायचे की जी मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. त्यांच्या आजोबांकडून आलेली, जवळपास ओवीसारखी, दुसऱ्या कडव्यात खाली उतरणारी. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ठेवू, असं मी त्यांना दोन वर्षं म्हणत होतो. दहा मिनिटांचं काम. नाताळ कार्यक्रमाची बैठक होती, मग हार्वेस्टच्या सणाची, मग ऊन फार होतं. एका फेब्रुवारीत ते गेले. गीताचे शब्द पुस्तकात आहेत. चाल मला पहिल्या दोन ओळींपुरती येते, खाली उतरायची जागा सापडत नाही.

तर या टप्प्यावर वहीत तीन नावं लिहा. ज्यांच्याकडे जायचं आहे, ज्यांची माफी मागायची आहे, ज्यांच्याकडून काही शिकून घ्यायचं आहे. तीनच. पहिल्याकडे याच आठवड्यात जा.

एक गोष्ट सोडा, नवी घेऊ नका

नवशिके इथे हमखास चुकतात. उत्साहाच्या भरात पहाटेची प्रार्थना, उपवास, बायबल अभ्यास, कोयर, सगळं एकदम धरतात आणि तिसऱ्या आठवड्यात आडवे होतात. आधी काहीतरी सोडा.

मार्कचा पहिला अध्याय उघडा. कफर्णहूमात आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं. येशू पहाटे अंधारातच उठून रानात प्रार्थनेला गेला. शिमोन शोधत आला : सगळे तुला शोधताहेत. येशूने काय करावं? तो म्हणाला, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. मागे आजारी माणसं राहिली असतील. चांगल्या कामालाही त्याने नाही म्हटलं, आणि ते प्रार्थनेनंतर म्हटलं. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मंडळीही तुमचा वेळ खाऊ शकते, हे मी मंडळीचा पंच, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, असूनही सांगतो. नवा माणूस दिसला की आम्ही त्याला लगेच दोन समित्यांवर घेतो. पहिलं वर्ष एकच जबाबदारी घ्या. कुणी आग्रह केला तर ‘प्रार्थना करून सांगतो’ म्हणा, पण मग खरोखर प्रार्थना करा आणि खरोखर सांगा. नुसतं टाळायला हे वाक्य आमच्याकडे फार वापरलं जातं.

आठवड्यातला एक दिवस

शब्बाथाची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि कारणं दोन आहेत. निर्गमच्या विसाव्या अध्यायात : देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावला. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात : तू मिसरात दास होतास हे आठव. दासाला सुट्टी नसते. म्हणून तुझा दास, तुझी दासी, तुझा बैलसुद्धा विसावला पाहिजे. मला हे दुसरं कारण जास्त जवळचं वाटतं. सुट्टीच्या दिवशी साहेबाचा संदेश आला की ज्याचा हात आपोआप फोनकडे जातो, त्याने अनुवाद वाचावं.

व्यवहारात : रविवारी उपासनेनंतर संध्याकाळपर्यंत पगाराचं काम नाही, खरेदी नाही, फोन कपाटात. एमआयडीसीत शिफ्ट असेल, रुग्णालयात नोकरी असेल, तर दुसऱ्या वाराचा अर्धा दिवस धरा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पाळक आणि कोयरवाल्यांचा रविवार तर सगळ्यांत धावपळीचा. त्यांनी सोमवार घ्यावा. आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही पगारी सुट्टी द्या. त्याशिवाय ही आज्ञा पुरी होत नाही.

रात्रीची पाच मिनिटं

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोला याने सोळाव्या शतकात शिकवलेली ही रीत कॅथलिक घरांत माहीत असते. आम्ही प्रॉटेस्टंटांनी ती उसनी घ्यायला हरकत नाही. पाच पायऱ्या आहेत. आजच्या दिवसाबद्दल उपकार माना. स्वतःचे दोष दिसावेत म्हणून प्रकाश मागा. सकाळपासून तासातासाने दिवस डोळ्यांपुढून न्या. चुकलं तिथे क्षमा मागा. उद्यासाठी एक गोष्ट ठरवा. अंथरुणावर पडून करू नका, झोप लागते. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून करतो. बहुतेकांना तिसरी पायरी अवघड जाते, कारण दुपार आठवतच नाही. दुपार आठवायला लागली की समजा, जमतंय.

अडथळे येणारच

आखलेला दिवस मोडतो तेव्हा काय करायचं, याला मार्कच्या पाचव्या अध्यायाएवढं उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही. याईराची बारा वर्षांची लेक मरणाला टेकली आहे. येशू तिच्याकडे निघाला आहे. वाटेत बारा वर्षं रक्तस्राव सोसणारी बाई मागून त्याच्या वस्त्राला हात लावते. तो थांबतो, कोणी हात लावला म्हणून विचारतो, ती थरथरत पुढे येते, आणि तो तिची सगळी हकिकत ऐकून घेतो. याईराच्या जागी आपण असतो तर? तिकडून निरोप येतो, मुलगी गेली. तरी येशू पुढे जातो.

मी यातून एवढंच व्यवहारी घेतलं : दिवस काठोकाठ भरायचा नाही. रोज तासभर मोकळा ठेवायचा, कुणाच्याही नावावर न लिहिलेला. शेजारचा येतो, फोन येतो, पोरगं रडत येतं, तो तास त्यांचा. कुणीच आलं नाही तर वाचा.

अपुरं राहील, त्याचं काय

दिवस मोजायला लागलं की ही भीती येते : सगळं पुरं होणार नाही. नाहीच होणार. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन आमच्या अहमदनगरात राहिले, ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्रावरचं काव्य लिहायला घेतलं, आणि १९१९ मध्ये गेले तेव्हा ते बरंचसं बाकी होतं. पुढे ते हाती घेतलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी कधी नीट शाळा पाहिली नव्हती. त्या १९३६ मध्ये गेल्या. ग्रंथ १९३८ मध्ये छापून आला. दोघांपैकी कुणीच ते पुस्तक हातात धरलं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. वारसा चालवील असं वाटणारी लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, आणि ते पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

आता स्तोत्र ९० ची शेवटची ओवी परत वाचा. ‘आमच्या हातचं काम सिद्धीस ने’, हे मोशे दोनदा मागतो. त्यालाही वचनदत्त देश लांबून, नबो डोंगरावरूनच दिसला.

म्हणून तुमचं काम काहीही असो, कुणाला तरी सोबत घेऊन करा. हिशेबाची वही कुठे आहे, कुणाला काय कबूल केलं आहे, हे दुसऱ्या एकाला ठाऊक असू द्या.

मध्येच सुटलं तर

सुटेलच. वर्षात काही ठरलेले दिवस आहेत, त्यांना धरून पुन्हा सुरू करा. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, पाळत असाल तर उत्तम : आदल्या वर्षीच्या झावळ्यांची राख कपाळावर लागते आणि तू माती आहेस हे कानात सांगितलं जातं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या लावायला जाल तेव्हा. नाहीतर ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना, जिथे निम्मी मंडळी घड्याळाकडेच बघत असते. आणि पुढचं काहीही ठरवताना याकोबाच्या पत्रातलं ‘प्रभूची इच्छा असेल तर’ म्हणायची जुन्या लोकांची सवय लावून घ्या. सुरुवातीला जीभ अडखळते.

माझ्या वहीतल्या तीन नावांपैकी एक आता आमच्या मंडळीतल्या एका आजींचं आहे. वय शहाऐंशी, ऐकू कमी येतं, गळा अजून शाबूत. दर गुरुवारी साडेचारला जातो, सोबत तरुण संघातली एक मुलगी असते, तिला स्वरलिपी येते. सात चाली लिहून झाल्या. काकांची ती चाल त्यांनाही ठाऊक आहे म्हणाल्या, पण मागच्या गुरुवारी दुसऱ्या कडव्याशी अडल्या. चहा झाल्यावर आठवेल म्हणाल्या. चहा झाला, नाही आठवली. पुढच्या गुरुवारी पुन्हा जायचं आहे.